धवले गाणारीचा हक्क

पनवेल-रोहा मार्गावर आपट्यानंतर जिते लागते, मग हमरापूर आणि पेण. या पट्ट्यातल्या आगरी घरांत लग्नविधी धवलारणीने गाऊन पार पाडायचे, ही जुनी रीत. विधीविधीचे धवले तिला तोंडपाठ असतात. हा गीतप्रकार मराठी कवितेइतकाच जुना आहे. आद्य कवयित्री महदंबेने तेराव्या शतकात धवळेच रचले.

आज हळदीच्या रात्री डीजे वाजतो. त्यातल्या आगरी-कोळी गाण्यांत जुन्या चाली नव्या ठेक्यावर बसवलेल्या असतात आणि श्रेयनामावलीत बऱ्याचदा 'पारंपरिक' एवढाच शब्द असतो. नवा ठेका मला खटकत नाही, लोकगीत असेच जगते. खटकते ते हे की ज्या कंठातून चाल आली, त्याची नोंदच नाही.

१९५७ चा कॉपीराइट कायदा कर्ता शोधतो. गीतकार-संगीतकाराला हयातभर आणि पुढे ६० वर्षे हक्क; ध्वनिमुद्रणाला प्रकाशनापासून ६० वर्षे. धवल्याला ज्ञात कर्ता नाही, म्हणून तो सर्वांना खुला. पण त्याचे ध्वनिमुद्रण मात्र निर्मात्याच्या मालकीचे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा न सोडता येणारा हक्क दिला. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत तळमळीने बोलले. ती दुरुस्ती मोलाचीच, पण नाव असलेल्यांसाठी. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिओ-टीव्हीसाठीचा वैधानिक परवाना इंटरनेट सेवांना लागू नाही असे ठरवले. तो वादही कंपन्यांमधला होता. २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल याच न्यायालयाने रोखली. गावातल्या बाईला हा दरवाजा कुठून परवडणार?

तरीही अर्धी सुधारणा कायद्यात आधीच आहे. 'सादरकर्ता' या व्याख्येत गायक-वादकांबरोबर गारुडीसुद्धा येतो, मग धवलारीण येतेच. सादरीकरणावर तिला ५० वर्षे हक्क आहे, व्यापारी वापरात रॉयल्टी आहे, आपले नाव लावून घेण्याचा अधिकारही आहे. तिच्यासाठी तो वसूल करणारे कुणी नाही, आणि वसुलीला लागणारी नोंदही नाही.

नोंद करता येते हे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी दाखवून दिले. त्यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमल्या, गाणारीच्या आणि गावाच्या नावासह. रायगडच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ते मानांकन वस्तूंसाठी असते, गाण्याला तशी कायदेशीर ओळख आपण दिलेली नाही. घानाच्या २००५ च्या कायद्याने लोककलेचे हक्क जनतेच्या वतीने राष्ट्राध्यक्षांकडे सोपवले. मला ते सरकारीकरण नको. पारंपरिक चालीवरच्या प्रत्येक व्यापारी ध्वनिमुद्रणात स्रोत सांगणे सक्तीचे करावे आणि उत्पन्नाचा वाटा गाणारीला व तिच्या गावाला मिळावा, एवढी दुरुस्ती पुरे.

ती होईपर्यंत पेण-रोह्याच्या तरुणांनी घरातल्या, शेजारच्या धवलारणीचा आवाज तिच्या संमतीने मुद्रित करावा. तिचे नाव, गाव, तारीख आणि ती कुणाकडून शिकली हे सोबत लिहावे. आणि लेखी करार झाल्याशिवाय ते ध्वनिमुद्रण कोणत्याही कंपनीच्या हाती देऊ नये.