घरच्या प्रेक्षकांसमोर

एखाद्या समाजाने स्वतःच्या जीवनावरील चित्रपट एकत्र आणून ते चारचौघांत पाहावयाचे ठरविले, म्हणजे त्या उपक्रमात आत्मपरीक्षणाचा अंश किती आणि आत्मगौरवाचा किती, हा प्रश्न समीक्षकाला टाळता येत नाही. सॅन फ्रान्सिस्को येथे १९८० साली डेबोरा कॉफमन यांनी ज्यू चित्रपटांचा जो महोत्सव आरंभिला, तो या जातीचा जगातील आद्य महोत्सव समजला जातो, आणि पुढे अनेक शहरांनी त्याचा कित्ता गिरविला. अशा महोत्सवाची गरज जुनीच होती. हॉलिवूडच्या आरंभीच्या काळात बड्या कंपन्यांची मालकी बहुतांशी ज्यू स्थलांतरितांकडे असूनही त्यांच्या पडद्यावर ज्यू मनुष्य क्वचितच आपल्या घरात, आपल्या माणसांत वावरताना दिसे. १९२७ च्या ‘द जॅझ सिंगर’मधील प्रार्थनागायकाचा मुलगा बापाची गादी सोडून रंगभूमीकडे धावतो, यात त्या काळच्या मालकवर्गाच्या मनाचेच प्रतिबिंब पडलेले आहे.

बाहेरच्यांची भीड न धरता घरच्यांसाठी चित्रपट काढणारे कलावंत मात्र त्या काळीही होते. ते पोलंडमध्ये आणि न्यू यॉर्कमध्ये यिडिश भाषेत काम करीत होते. मिखाऊ वाशिन्स्की यांच्या ‘द डिब्बुक’मध्ये (१९३७) लग्नाच्या दिवशी वधूला रिवाजाप्रमाणे भिकाऱ्यांबरोबर नाचावे लागते आणि त्या गर्दीतून मृत्यूचा मुखवटा पुढे येऊन तिचा हात धरतो, तेव्हा दिग्दर्शक रिवाजाचा खुलासा करण्याच्या भानगडीत पडत नाही, कारण समोरचा प्रेक्षक तो रिवाज जाणत होता. दोनच वर्षांनी महायुद्ध पेटले आणि त्या प्रेक्षकवर्गाचा बहुतांश पुढे नामशेष करण्यात आला. या संहाराची साक्ष क्लोद लान्झमान यांनी ‘शोआ’ (१९८५) या नऊ तासांहून दीर्घ अनुबोधपटात जुने चित्रण एकदाही न वापरता, केवळ जिवंत माणसांच्या तोंडून नोंदविली. त्या संयमाची सर नंतरच्या पुष्कळशा संहारपटांना आली नाही. शोक पवित्र आहे, परंतु व्हायोलिनच्या सुरावर प्रेक्षकांचे डोळे ओले करून घेणे हे काही कलेचे काम नव्हे, आणि कार्यक्रमपत्रिका भरताना महोत्सवांच्या निवडसमित्या या सोयीच्या वाटेने फार वेळा जातात, असे माझे मत आहे.

या कलेचे खरे सामर्थ्य मला दिसते ते धर्मशास्त्र घराच्या उंबरठ्याच्या आत शिरते तेथे. जोन मिक्लिन सिल्व्हर यांच्या ‘हेस्टर स्ट्रीट’मध्ये (१९७५) युरोपातून आलेली गीट्ल डोक्यावरचा धर्मविहित टोप काढावयास कचरते, अमेरिकन बनलेल्या नवऱ्याला तिचा तो अवतार गावंढळ वाटतो, आणि अखेर रब्बीसमोर ओंजळ पुढे करून ती फारकतीचा कागद स्वीकारते. विशेष हे की फारकतीच्या या सौद्यात भोळी ठरलेली गीट्लच पैशाने आणि शहाणपणाने वरचढ होऊन बाहेर पडते.

ओंजळीत पडणारा हा कागद मिळालाच नाही तर काय, हे रोनित आणि श्लोमी एल्काबेत्झ या भावंडांनी ‘गेट’मध्ये (२०१४) दाखविले आहे. इस्राएलमध्ये ज्यूंचा विवाह आणि फारकत रब्बींच्या न्यायालयाच्या अखत्यारीत असून नवऱ्याने राजीखुशीने ‘गेट’, म्हणजे फारकतीचा कागद, दिल्याखेरीज बायकोची सुटका होत नाही. विवियन आम्सालेमचा हा दावा पाच वर्षे चालतो. तारखांमागून तारखा पडतात, साक्षीदार येऊन शेजारधर्माच्या गोष्टी सांगून जातात, आणि कॅमेरा न्यायालयाची खोली व बाहेरचे बाकडे सोडून कोठेही जात नाही. एकदा कंटाळलेली विवियन सहज आपले केस मोकळे सोडते, आणि तिघे न्यायाधीश, ज्यांना तिच्या आयुष्याची वर्षे वाया जात असल्याची खंत नसते, ते केसांच्या दर्शनाने अस्वस्थ होऊन तिला ते बांधण्याचा हुकूम करतात. सगळ्या व्यवस्थेवर इतकी तिखट टीका एखाद्या भाषणाने साधली नसती. शिवाय नवरा खलपुरुष नाही. तो सज्जन, धर्मशील आणि हट्टी आहे, म्हणूनच असह्य आहे. ब्रुकलिनच्या कर्मठ हसिदी ज्यूंच्या वस्तीतील विधुराची कथा सांगणारा ‘मेनाशे’ (२०१७) याच वाटेने जातो, आणि दिवंगत पत्नीच्या पुण्यतिथीसाठी रांधलेला कुगेल करपविणाऱ्या त्या बापाची फजिती त्याच्या श्रद्धेची टवाळी न करता दाखवितो.

घरचा प्रेक्षक जसा कौतुक करणारा असतो, तसा तो कज्जेदलालही असतो. गाझामध्ये २००३ साली इस्राएली लष्कराच्या बुलडोझरखाली मरण पावलेल्या रेचल कॉरी या अमेरिकन तरुणीवर सिमोन बिट्टन यांनी काढलेला अनुबोधपट २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या महोत्सवाने दाखविला आणि रेचलच्या आईलाही पाचारण केले, तेव्हा देणगीदारांपासून प्रेक्षकांपर्यंत मोठे वादंग माजले. मला तो प्रसंग महोत्सवाच्या हिताचा वाटतो; ज्या कार्यक्रमावर कोणीच रागावत नाही, तो सत्कारसमारंभच म्हणावयाचा.

आपल्या कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या वाट्याला या पडद्याचा अल्पसा कोपराच आलेला आहे. डॅनी बेन-मोशे यांच्या ‘शालोम बॉलिवूड’मध्ये (२०१७) सुलोचना, प्रमिला, नादिरा या बगदादी ज्यू घराण्यांतील तारकांबरोबर ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा, म्हणजे बेने इस्राएल नट डेव्हिड अब्राहम चेऊलकर, भेटतात. चित्रपट रंजक आहे, पण त्याचा ओढा झगमगाटाकडे आहे. शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे या समाजाला मिळालेले ‘शनवार तेली’ हे नाव, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने होणारा मलिदा, यांत चित्रपटाला पुरेल एवढे द्रव्य आहे. पण त्याहून सकस कथानक दप्तरातच पडलेले आहे. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या कचेरीने बेने इस्राएलांच्या विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा हुकूम काढला, आणि मराठी बोलणारी ती मंडळी १९६४ मध्ये जेरुसलेमच्या रस्त्यावर ठाण मांडून बसली, तेव्हा तो बदलावा लागला. आजी-पणजीचा दाखला नवगावच्या किंवा अलिबागच्या कोणत्या कागदावरून आणावयाचा, या पेचात सापडलेल्या नवरा-नवरीला ‘गेट’च्या त्या बाकड्यावर आणून बसविणारा आणि त्यांना आपसांत मराठीत कुजबुजू देणारा दिग्दर्शक मिळाला, तर त्याला पहिला मान कोणत्याही महोत्सवाने द्यावा.