‘उच्चतापसह’ ही संज्ञा आणि तिच्या कसोट्या

भट्टीचे अस्तर, मूस, काच वितळविण्याची टाकी इत्यादींसाठी जे पदार्थ वापरले जातात त्यांना मराठी विश्वकोशाने ‘उच्चतापसह पदार्थ’ असे म्हटले आहे. कारखान्यातील माणूस त्यांना ‘रिफ्रॅक्टरी’ किंवा नुसते ‘फायरब्रिक’ म्हणतो. विश्वकोशाची संज्ञा घडविताना इंग्रजी शब्दाचे शब्दशः भाषांतर केले गेले नाही, हे इष्टच झाले. कारण त्या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये असून त्याचा अर्थ हट्टी, न जुमानणारा असा आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळी, १७९१ च्या सुमारास, नव्या राज्यव्यवस्थेशी निष्ठेची शपथ घेण्यास नकार देणाऱ्या धर्मगुरूंना याच शब्दाचे फ्रेंच रूप लावले जात असे. जर्मन ‘फॉयरफेस्ट’ हा शब्द अधिक सरळ आहे; अग्नीत घट्ट राहणारा, एवढेच तो सांगतो. ‘उच्चतापसह’ हा शब्द या दोहोंपेक्षाही सुबोध आहे. परंतु त्याच्या सुबोधपणातच एक दोष दडलेला आहे व तो केवळ व्युत्पत्तीचा नसून व्यवहाराचा आहे.

संज्ञेत ज्याचा निर्देश आहे तो केवळ ‘ताप’. भट्टीतील वीट मात्र केवळ ताप सोसत नाही. वरच्या थरांचा भार, धातुमळीचा रासायनिक हल्ला, भट्टी थंड होताना बसणारा हिसका आणि या सर्वांना लागणारा काळ हेही ती सोसते. ‘तापसहता १,७०० अंश’ असे वाचणारा विद्यार्थी साहजिकच असे समजतो की, ती वीट १,७०० अंश सेल्सिअसपर्यंत वापरता येते. ही समजूत धोक्याची आहे. आणि ती निर्माण करण्याची जबाबदारी विटेची नव्हे, शब्दाची आहे.

तो आकडा येतो कोठून, हे पाहू. हेर्मान झेगर यांनी १८८६ मध्ये बर्लिन येथे आपले शंकू प्रसिद्ध केले. केओलिन, फेल्डस्पार, क्वॉर्ट्झ व चुनखडी यांच्या ठराविक मिश्रणांपासून केलेले हे लहान सुळके तापविले असता मऊ होऊन वाकतात व अखेर त्यांचे टोक बैठकीला टेकते. परीक्ष्य पदार्थ दळून त्याचाही तसाच सुळका करावयाचा, प्रमाण सुळक्यांच्या रांगेत तो ठेवावयाचा आणि कोणत्या सुळक्याबरोबर तो वाकतो ते पाहावयाचे, अशी ही परीक्षा आहे. (हे ‘शंकू’ भूमितीच्या अर्थाने शंकू नसून त्रिकोणी सूची आहेत. तथापि संस्कृतात शंकू म्हणजे खुंटी, आणि सावलीवरून काळ मोजण्याची काठीही. तेव्हा मराठी शब्द इंग्रजीपेक्षा नकळत अधिक साजेसा ठरला आहे.) येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, शंकू तापमान मोजत नाही. ताप सावकाश वाढविल्यास तोच शंकू कमी तापमानास वाकतो. त्याच्या वाकण्यात तापमान आणि काळ या दोहोंचा हिशेब असतो. त्यानंतर शंकूच्या क्रमांकाचे अंशांत रूपांतर होते आणि त्या रूपांतरात काळ गळून पडतो. वाचकाच्या हाती उरतो तो एक निर्भेळ दिसणारा आकडा.

आता दुसरी परीक्षा घेऊ. विटेच्या तुकड्यावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन किलोग्रॅम भार ठेवून तो तापविला, तर ज्या सामान्य फायरक्ले विटेची शंकुपरीक्षेतील तापसहता १,६५० ते १,७०० अंशांच्या घरात आहे ती १,३०० ते १,४०० अंशांच्या दरम्यानच बसू लागते. सिलिका वीट मात्र १,६०० अंशांपलीकडे, जवळजवळ स्वतःच्या वितळण्याच्या सीमेपर्यंत, भार तोलून धरते. शंकुपरीक्षेत या दोन विटा शेजारी-शेजारी उभ्या राहतात. भाराखाली त्यांच्यात शेकडो अंशांचे अंतर पडते. काचेच्या टाकीचे कमानदार छत सिलिका विटेचे करतात ते याचमुळे.

असे का व्हावे? फायरक्ले वीट भाजताना तिच्यात म्युलाइटचे सुईसारखे स्फटिक तयार होतात, आणि उरलेल्या सिलिकेचा बराचसा भाग अल्कली इत्यादी अशुद्धींसह काचेच्या रूपाने त्यांच्याभोवती पसरतो. तापमान वाढले की ही काच मऊ होते व स्फटिक एकमेकांवरून सरकू लागतात. सिलिका विटेत काच थोडी असते आणि ट्रिडिमाइट व क्रिस्टोबलाइट यांचे स्फटिक एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणजे मराठी पाठ्यपुस्तकांत ‘काच’ आणि ‘उच्चतापसह पदार्थ’ ही जी दोन स्वतंत्र प्रकरणे पाडलेली असतात, त्यांतील पहिल्याचा विषय दुसऱ्याच्या पोटात बसलेला आहे. आपण ‘काच’ या एकाच शब्दाने वस्तूही सांगतो आणि द्रव्याची अवस्थाही. त्यामुळे विटेत काच आहे, हे वाक्यच प्रथमदर्शनी विपरीत वाटते. अवस्थेसाठी ‘काचावस्था’ हा शब्द नेमाने वापरावयास हवा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

काचेच्या बाबतीत ‘बिंदू’ या शब्दाने असाच घोटाळा केला आहे. काचेला स्फटिकाप्रमाणे निश्चित वितळणबिंदू नसतो. ती क्रमाक्रमाने पातळ होत जाते. तरीही काच अमुक अंशांना वितळते, अशी विधाने सर्रास वाचावयास मिळतात. जे मृदुबिंदू, अनुशीतनबिंदू व ताणबिंदू सांगितले जातात ते श्यानतेच्या मान्य केलेल्या पायऱ्या आहेत. सुमारे ०.६५ मिलिमीटर जाडीचा व २३.५ सेंटिमीटर लांबीचा तंतू ठरलेल्या गतीने तापविताना स्वतःच्या वजनाने मिनिटाला एक मिलिमीटर लांबू लागला, की मृदुबिंदू आला असे समजावयाचे. अनुशीतनबिंदूस काचेतील अंतर्गत ताण काही मिनिटांत निवतात, ताणबिंदूस त्याच कामाला काही तास लागतात. खिडकीच्या साध्या काचेत मृदुबिंदू व ताणबिंदू यांच्यामध्ये सुमारे दोनशे अंशांचे अंतर आहे. या सर्व व्याख्यांत घड्याळ आहे. ‘बिंदू’ म्हटले की ते दिसेनासे होते.

या बाबतीत आपले जुने रसग्रंथ अधिक सावध होते, असे म्हणावयास हरकत नाही. ‘रसरत्नसमुच्चया’त मुषांची नावे त्यांच्या कामावरून व घडणीवरून दिली आहेत, आणि गारमूषेविषयी सांगताना, दोन याम भाता फुंकला तरी ती द्रवत नाही, असा तिचा गुण नोंदविला आहे. तापमान मोजण्याचे साधन त्या काळी नव्हते हे खरे. परंतु काय केले असता, किती वेळ, हे त्या वर्णनात आहे.

भारतीय मानक १५२८ मध्ये शंकुसाम्य, भाराखालील तापसहता आणि आकस्मिक तापबदलाने विटेचे तुकडे उडण्यास होणारा विरोध यांसाठी निरनिराळे भाग आहेत. मराठी लेखनात मात्र हे तिन्ही गुण ‘तापसहता’ या एकाच छत्राखाली येतात. पहिल्यासाठी ‘शंकुसाम्य’ व दुसऱ्यासाठी ‘भारतापसहता’ हे शब्द पुरेसे आहेत. तिसऱ्यासाठी ‘अपशकलन’ यासारखे जड शब्द बनविण्याचे कारण नाही. दगडाचे व लाकडाचे ‘ढलपे’ निघतात हे मराठी माणूस पूर्वापार म्हणत आला आहे. विटेचेही ढलपेच सुटतात. ही परीक्षा वीट पुनःपुन्हा तापवून व थंड करून घेतली जाते व निकाल आवर्तनांच्या संख्येत येतो. तेव्हा तो तसाच, किती आवर्तने, किती अंशांवरून आणि हवेत की पाण्यात थंड करून, असा छापावा; अंशांच्या स्तंभात बसवू नये.