विलापावाचून शोक : केट डिकी यांच्या अभिनयाचा विचार

भरताने करुण रसाचे जे अनुभाव सांगितले आहेत, त्यांत अश्रुपात व परिदेवन, म्हणजे विलाप, यांना प्रमुख स्थान आहे. शोक म्हटला की विलाप आलाच, हे समीकरण रंगभूमीच्या इतके अंगवळणी पडले आहे की, विलाप न करता शोक व्यक्त करणाऱ्या नटीची दखल घेण्यास समीक्षेपाशी परिभाषाच उरत नाही. स्कॉटिश अभिनेत्री केट डिकी यांची कारकीर्द ही उणीव स्पष्ट करते.

डिकी यांचा जन्म १९७१ मध्ये ईस्ट किलब्राइड येथे झाला व नाट्यशिक्षण ग्लासगो येथे. त्यांच्या प्रमुख भूमिका एकत्र पाहिल्यास एक गोष्ट सहज ध्यानात येते : अपत्य गमावलेली माता त्यांच्याकडे वारंवार आली आहे. यावरून त्या एकाच साच्यात अडकल्या, असा आक्षेप घेता येईल. परंतु आशय स्थिर राहिला असता अभिव्यक्तीचे भेद अधिक स्पष्टपणे पारखता येतात, हे भाषेच्या अभ्यासकास निराळे सांगावयास नको.

अँड्रिया अर्नल्ड यांचा 'रेड रोड' (२००६) हा चित्रपट प्रथम घ्यावा. त्यातील जॅकी ग्लासगो शहरावर कॅमेऱ्यांद्वारे पाळत ठेवण्याच्या नोकरीत आहे. तिच्यासमोरील पडद्यांवर माणसे दिसतात, त्यांचे बोलणे मात्र ऐकू येत नाही. पती व कन्या यांच्या मृत्यूस कारण झालेला पुरुष एके दिवशी तिला त्या पडद्यावर दिसतो. त्याचा व तिचा संबंध काय, हे दिग्दर्शिका दीर्घकाळ उघड करीत नाही. त्यामुळे प्रेक्षकाला संवादाचा आधार राहत नाही. तिच्या पाहण्यावरूनच त्याला अर्थ लावावा लागतो. कान चित्रपटमहोत्सवात या कृतीस ज्यूरी पारितोषिक मिळाले व डिकी यांना ब्रिटिश स्वतंत्र चित्रपटांच्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला.

पुढच्याच वर्षी नॅशनल थिएटर ऑफ स्कॉटलंडने रंगभूमीवर आणलेल्या 'आल्स्ट' या नाटकात याच्या नेमके उलट घडले. बेल्जियममध्ये १९९९ साली एका दांपत्याने आपल्या दोन अपत्यांची हत्या केली, त्या घटनेवर हे नाटक आधारलेले आहे. पतिपत्नी ध्वनिक्षेपकासमोर बसून एका अदृश्य आवाजाच्या प्रश्नांना उत्तरे देतात. आंगिक अभिनयाला येथे फारसा वावच नाही. जे आहे ते सारे वाचिक. मात्र हे वाचिक शोक प्रकट करीत नाही, सबबी पुढे करते. 'रेड रोड'मध्ये शब्दांवाचून शोक कळतो, तर येथे शब्दांच्या गर्दीत शोकाचा अभाव कळतो. शब्द आणि चित्तवृत्ती यांतील अंतर राखणे, हेच दोन्ही ठिकाणी या अभिनेत्रीचे खरे सामर्थ्य आहे.

रॉबर्ट एगर्स यांच्या 'द विच' (२०१५) मध्ये सतराव्या शतकातील न्यू इंग्लंडमधील कॅथरिन तान्हे मूल नाहीसे झाल्यावर रडते, प्रार्थनाही करते. येथे विलाप आहे. पण तो धर्मनिष्ठेच्या ठरीव भाषेतून वाट काढतो आणि ती भाषा दुःखाला पुरी पडत नाही, हे जाणवत राहते. याउलट 'गेम ऑफ थ्रोन्स' या दूरचित्रवाणी मालिकेतील लायसा अ‍ॅरिन (२०११-१४) आपला उन्माद पहिल्या प्रवेशापासूनच बोलून दाखविते. जे बोलले जाते तेच दिसते, म्हणून प्रेक्षकाला शोधण्यासारखे थोडेच उरते. या भूमिकेने डिकी यांना सर्वाधिक प्रेक्षक मिळवून दिले असतील. त्यांच्या गुणांचा कस मात्र तीत लागत नाही.

अल्प खर्चाच्या स्वतंत्र चित्रपटांनी व स्कॉटिश रंगभूमीने या अभिनेत्रीला न बोलण्याची, तसेच बोलूनही न सांगण्याची मोकळीक दिली. नटीचे मोजमाप केवळ तिच्या संवादांवरून करणाऱ्या समीक्षेच्या हाती या कारकीर्दीतील लायसा तेवढी लागेल. जॅकी निसटून जाईल.