छोटी लाईन : आठवणी ढीगभर, नोंद कुठे?

नागपूर–छिंदवाडा छोटी लाईन १ डिसेंबर २०१५ पासून बंद झाली. त्यानंतरच्या काळात तिच्याबद्दल बरंच लिहिलं गेलं, फोटो निघाले, चलचित्रं निघाली. हे सगळं साहित्य एका बैठकीत समोर घेऊन बसलं की एक गोष्ट खटकते. त्यात इंजिन आहे, घाट आहे, कुकडीखापाचा धबधबा आहे, दारात लटकलेली पोरं आहेत. सौंसर मात्र नाही. म्हणजे पाटीवर नाव दिसतं, पण त्या पाटीमागचं टेशन, टेशनामागचं गाव आणि गावाचं नागपूरशी असलेलं नातं, यांतलं काहीच नाही. या टिपणात त्या निरोपाच्या साहित्याची आणि त्याला जोडून नागपूरच्या संग्रहालयाची थोडी परीक्षा करायची आहे.

आधी एक कबूल करू. गाडी बदलायला हवी होती, याबद्दल वाद नाही. दीडशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर, आणि त्याला अर्धा दिवस. दवाखान्यासाठी, कोर्टासाठी, कॉलेजसाठी नागपूर गाठणाऱ्या माणसाला त्या संथपणाचं कौतुक नव्हतं. ज्याला वेळेवर पोचायचं होतं तो कधीच एसटीत नाहीतर जीपमध्ये बसायला लागला होता. त्यामुळे 'गाडी वाचवायला हवी होती' असा सूर इथे लावायचा नाही. गाडी बदलताना जे पाडलं, उचललं, भंगारात गेलं, त्याचं मोजमाप कुणी का घेतलं नाही, एवढाच मुद्दा आहे.

'टॉय ट्रेन' या शब्दापासून सुरुवात करू, कारण निम्मी गडबड तिथेच आहे. निरोपाच्या जवळजवळ प्रत्येक लेखात हा शब्द येतो. सौंसर-रामाकोन्याच्या माणसाने तो कधी वापरला नाही. इकडे ती 'छोटी लाईन', नाहीतर नुसती 'छोटी गाडी'. खेळण्याची गाडी म्हटलं की तिचा माल, तिची कामं आणि तिची माणसं आपोआप गळून पडतात आणि उरते ती सहल. ही लाईन सहलीसाठी घातलेलीच नव्हती. बंगाल नागपूर रेल्वेने सातपुड्यात ७६२ मिलिमीटर रुंदीच्या मार्गांचं जे जाळं विणलं, त्यात नैनपूरकडून छिंदवाड्याला रूळ पोचले १९०४ मध्ये, आणि नागपूरकडून सावनेर, केळवद, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना, उमरानाला असा फाटा सुरू झाला १९१३ मध्ये. तिकडे पेंच खोऱ्यातला कोळसा होता आणि इकडे मँगनीज. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत या मँगनीजवाल्या खडकांचं नावच 'सौंसर समूह' आहे. एल. एल. फर्मर यांनी दिलेलं ते नाव अजून टिकून आहे, आणि त्या समूहातल्या थरांना लोहांगी, बिछुआ, मनसर अशी आपल्याच गावांची नावं आहेत. जगातला कुठलाही भूगर्भशास्त्रज्ञ सौंसर हे नाव ओळखतो. रेल्वेवर प्रेम करणाऱ्याला मात्र ते दोन फोटोंच्या मधलं एक स्टेशन वाटतं! गंमतच आहे.

आता तुलनेसाठी कालका–शिमला लाईन घ्या. रूळाची रुंदी तीच, ७६२ मिलिमीटर. सुरू झाली १९०३ मध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा दहा वर्षं आधी. ती २००८ साली युनेस्कोच्या यादीत गेली. त्याआधी दार्जिलिंग १९९९ मध्ये आणि निलगिरी २००५ मध्ये गेली होती. या तिन्ही गाड्या थंड हवेच्या ठिकाणी जातात. इंग्रजांच्या साहेबी हवापालटासाठी त्या झाल्या आणि पुढे पर्यटकांवर जगल्या. त्यांची अभियांत्रिकी मोठीच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण निवडीची चाळणी कशी लागते ते यातून दिसतं. गाडी पर्यटकाच्या गावाला जात असली तर ती वारसा ठरते. संत्र्या-कापसाच्या बाजारगावाला जात असली तर ती मागासलेपणाची खूण ठरते आणि तिच्या बंद होण्याची बातमी विकासाची बातमी म्हणून छापली जाते. वेल्समध्ये समुद्रकाठच्या टायविन या गावातून निघणारी टॅलिलिन नावाची छोटी लाईन आहे. मूळची ती पाटीच्या दगडाच्या खाणीची. मालक वारल्यावर ती मोडीत निघणार होती, तर १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतली आणि ती अजून चालते. तिलाही समुद्रकाठच्या सुट्टीवाल्यांचा आधार मिळाला, हे विसरायला नको. सौंसरला समुद्र नाही आणि शिमल्याची थंडीही नाही. म्हणून इथे 'गाडी चालू ठेवा' हा मार्ग नव्हता. नोंद करण्याचा मार्ग मात्र मोकळा होता.

ती नोंद का महत्त्वाची, याचं खरं कारण निरोपाच्या साहित्यात मला कुठेच सापडलं नाही. ते कारण १९५६ मध्ये आहे. मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती. सौंसर तहसील छिंदवाडा जिल्ह्यात, आणि पांढुर्णा तेव्हा सौंसर तहसिलीत. १९५० मध्ये त्या जुन्या मध्य प्रदेशाने हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांना राजभाषा म्हणून मान्यता दिली. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. घरात मराठी, शेजारी मराठी, लग्नसंबंध काटोल-सावनेर-नरखेडकडे, आणि कचेरीचे कागद हिंदीत, अशी इकडच्या माणसाची स्थिती झाली. सीमा आखली गेली तरी रूळ कुणी उचलले नाहीत. सकाळी सौंसरहून निघालेला माणूस इतवारीला उतरायचा तो परराज्यात आल्यासारखा उतरत नव्हता. जुन्या प्रांताची शकलं झाल्यावरही त्या प्रांताचा नकाशा रोज चालवून दाखवणारी जी थोडी साधनं उरली होती, त्यांत ही लाईन होती. माझ्या मते तिचं ऐतिहासिक मोल इंजिनापेक्षा इथे जास्त आहे.

नागपूरला मोतीबागेत छोट्या लाईनीचं संग्रहालय आहे, १४ डिसेंबर २००२ ला उघडलेलं. ते असणं चांगलंच. त्यावेळी गाड्या चालू असताना रेल्वेने ही बुद्धी दाखवली याचं श्रेय द्यायला हवं. मुलं तिथे रमतात, त्यांच्यासाठी छोटी गाडीही फिरते. पण पाहणारा जरा चौकस असेल तर त्याला कळतं की हे यंत्रांचं संग्रहालय आहे. इंजिन कुठल्या कारखान्याचं, डबा कुठल्या बनावटीचा, सिग्नलचं सामान कसं चालायचं, हे तिथे मन लावून जपलंय. या यंत्रांनी कुठल्या गावात काय आणलं आणि तिथून काय नेलं, हे शोधायला दुसरीकडे जावं लागतं. लोखंड जपणं सोपं आहे. ते उचलून एका आवारात आणून ठेवता येतं. टेशन उचलून आणता येत नाही, ते जागेवरच समजून घ्यावं लागतं.

छोट्या लाईनीच्या टेशनाची घडण तशी साधी. रूळाच्या जवळजवळ पातळीवरचा फलाट, कारण डब्याच्या पायऱ्या खालपर्यंत येत. मास्तरची खोली, तिकिटाची खिडकी, मालधक्का, मालाचा काटा, पाण्याची टाकी आणि विहीर, मास्तर-खलाशांची घरं, आणि हमखास एखादं मोठं झाड. यातलं एकेक वेगळं काढून दाखवलं तर कुणी त्याला स्मारक म्हणणार नाही. सगळं मिळून मात्र कळतं की मालधक्का फलाटाच्या कुठल्या अंगाला होता, म्हणजे बैलगाड्या कुठून यायच्या, म्हणजे बाजार कुठल्या बाजूला वाढला. रुंद रूळ टाकताना उंच फलाट आले, नव्या इमारती आल्या. घाटातला तुकडा सगळ्यात शेवटी पूर्ण झाला, आणि नागपूरपासून छिंदवाड्यापर्यंत गाडी पुन्हा सलग धावायला पाचेक वर्षं गेली. पाच वर्षं! एवढ्या अवधीत टेप घेऊन दोन माणसं प्रत्येक टेशनावर एक-एक दिवस थांबली असती तरी लोधीखेड्यापासून उमरानाल्यापर्यंतचं मोजमाप कागदावर आलं असतं. त्याऐवजी शेवटच्या गाडीचे फोटो शेकड्याने आहेत आणि मालधक्क्याचा नकाशा एकही माझ्या पाहण्यात नाही.

जुन्या छापील साधनांचाही इथे उपयोग नाही. छिंदवाड्याचं रसेल यांचं गॅझेटियर १९०७ सालचं, म्हणजे सौंसरला रूळ येण्याच्या आधीचं. आपले लोक संदर्भ म्हणून तेच उघडतात आणि त्यात सौंसरचं टेशन सापडत नाही म्हणून पुढे जातात.

हा दोष फक्त या लाईनीच्या लिखाणात आहे असं नाही. विदर्भातल्या शकुंतलेचं पाहा. अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ ही त्याच रुंदीची लाईन, किलिक निक्सनच्या कंपनीची. तिच्याबद्दल दहा लेख वाचले तर नऊ 'इंग्रजी कंपनीला अजून पैसे जातात' या एका किश्श्यावर उभे असतात. किस्सा चटकदार आहे, पण कापूस कुठल्या जिनिंगमधून कुठल्या टेशनावर यायचा हे त्यात नसतं. फरक एवढाच, की शकुंतलेसाठी तिथले लोक निदान रस्त्यावर उतरले. लाईन म्हणजे आपलं गाव, ही भावना तिथे बोलून दाखवली गेली. आपल्याकडे दोन राज्यांत विभागलेल्या लाईनीची हाक कुणी कुणाला द्यायची, हाच प्रश्न राहिला असावा.

आता पुढचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर आणि पांढुर्णा या दोन तहसिलींचा. छिंदवाड्याच्या छायेत असलेल्या या मराठी पट्ट्याला पहिल्यांदा स्वतःचं जिल्ह्याचं नाव मिळालं. त्याबरोबर बांधकामंही येणार. जामसावळीच्या हनुमानाचा परिसर 'हनुमान लोक' म्हणून नव्याने घडवायचं ठरलंय. नागपूर–इटारसी मार्गावरचं पांढुर्ण्याचं मोठ्या लाईनीचं टेशन 'अमृत भारत' योजनेच्या यादीत आहे. मोठ्या लाईनीचं म्हणून त्याला कुणी टॉय ट्रेन म्हणणार नाही, त्यामुळे त्याच्या जुन्या भागांवर हळवे लेखही येणार नाहीत. १९२० च्या दशकात ही लाईन पूर्ण झाली आणि पांढुर्ण्याचं संत्रं, कापूस थेट मोठ्या बाजारांच्या वाटेला लागला. सौंसर छोट्या लाईनीवर आणि पांढुर्णा मोठ्या लाईनीवर, या एका गोष्टीने दोन शेजारी गावांची वाढ किती वेगळी झाली, हा खरा अभ्यासाचा विषय आहे. त्यासाठी दोन्ही टेशनांची मोजमापं शेजारी-शेजारी लागतील.

सौंसरच्या बाबतीत जागेवर जे उरलंय ते पाहावं लागेल: जुन्या रूळांचा भराव, पुलांचे खांब, वळणांवरची कापणी. बाकीचं कागदांतून आणि निवृत्त खलाशी, गँगमन, मालधक्क्यावरचे हमाल यांच्या तोंडून. ही माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना 'शेवटच्या गाडीच्या दिवशी कसं वाटलं' हे विचारून झालंय. वॅगन भरायला किती माणसं लागायची, मजुरी कोण वाटायचं, पावसाळ्यात घाटात रूळ खचले तर गाडी कुठे थांबवायचे, हे विचारायचं राहिलंय. पांढुर्ण्याचं टेशन मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येतं, सौंसरचं दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात. दोन्ही विभागीय कार्यालयं नागपुरातच आहेत, तेव्हा जुन्या नकाशांसाठीचे दोन अर्ज एकाच दिवशी देता येतील.