रामशास्त्र्यांचा निवाडा आणि आजचा कायदा

कै. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘भाऊबंदकी’ हे नाटक १९०९ साली रंगभूमीवर आले. नाटककार सांगलीचे, आणि नाटकातील ज्या पुरुषापुढे प्रेक्षकांची मान आपोआप लवते ते रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळील माहुलीचे. कृष्णाकाठच्या या दोन स्थळांनी महाराष्ट्राला न्यायाधीशाची जी मूर्ती दिली, ती अद्यापि अभंग आहे. तिचा अर्थ मात्र आपण यथार्थ लावतो काय, याविषयी आम्हांस शंका वाटते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. या पातकास देहान्त प्रायश्चित्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही, असे शास्त्र्यांनी रघुनाथरावांस तोंडावर सांगितले, ही परंपरा घरोघरी ठाऊक आहे. यावरून सामान्य प्रेक्षक असा बोध घेतो की, खुनास शिक्षा एकच. ती निर्भयपणे उच्चारणे एवढेच न्यायाधीशाचे काम.

परंतु याच कथेशी ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिकाही निगडित आहे. मूळ आज्ञा धरण्याची होती, ती मारण्याची केली गेली, असे ती सांगते. ती खरी मानली, तर धरावे म्हणणारा, अक्षर बदलणारा आणि प्रत्यक्ष शस्त्र चालविणारा या तिघांचा अपराध एकाच मापाने मोजावा काय? जनमनाने हा प्रश्न आख्यायिकेच्या रूपाने जपून ठेविला, पण त्याचे उत्तर कधी शोधले नाही.

आपल्या कायद्याने ते हळूहळू शोधले. फाशी न दिल्यास कारणे नमूद करण्याचे न्यायाधीशावरील बंधन १९५५ च्या दुरुस्तीने गेले. पुढे १९७३ च्या संहितेने, फाशी द्यावयाची तर विशेष कारणे दिली पाहिजेत, असा नियम उलट केला. तरीही दंडसंहितेचे ३०३ वे कलम उरलेच होते. जन्मठेपेच्या कैद्याने खून केल्यास त्यास फाशीच, असे ते कलम सांगे. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने मिठू खटल्यात १९८३ साली ते घटनाबाह्य ठरविले. २०२४ पासून अमलात आलेल्या न्यायसंहितेत अशा कैद्यास फाशी किंवा आमरण कारावास, असा पर्याय आहे.

यावर आक्षेप असा की, न्यायाधीशास मोकळीक दिली म्हणजे बलिष्ठांस पळवाट मिळते. शिक्षा ठरलेली असली म्हणजे रघुनाथराव आणि गारदी एका पायरीवर येतात. आक्षेप पोकळ नाही. पण इतिहास काय सांगतो? निवाडा देहान्ताचा होता, तरी रघुनाथराव पुढे दहा वर्षे जगले. अटळ शिक्षेने बलिष्ठ सापडला नाही. अशा शिक्षेत दुर्बळच सापडतो, कारण त्याच्या बाजूचे ऐकून घेण्याची न्यायाधीशास मुभाच नसते. पक्षपातावर उपाय म्हणजे कारणे उघडपणे लिहिणे व ती वरच्या न्यायालयात तपासली जाणे. न्यायाधीशाचे हात बांधणे हा उपाय नव्हे.

रामशास्त्री वंद्य आहेत ते शिक्षा कठोर होती म्हणून नव्हे. सत्ताधीश समोर असता त्यांनी आपल्या विवेकाने निर्णय केला आणि त्याची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली, म्हणून ते वंद्य आहेत. ज्या कायद्यात न्यायाधीशास विवेक करावयाचाच नाही, तेथे रामशास्त्र्यांचे काम एखादा कारकूनही करील. ‘भाऊबंदकी’ पुन्हा वाचताना वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे.