आधीं भाकरी, मग आज्ञा

जालना जिल्ह्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मस्थान. १६०८ सालीं जन्मलेल्या या संतानें गाइलेली प्रयत्नाची थोरवी महाराष्ट्राच्या हाडींमांशीं भिनलेली आहे. अशा संस्कारांत वाढलेला वाचक बायबलांतील ‘निर्गम’ या ग्रंथाचा सोळावा अध्याय वाचूं लागला, म्हणजे त्याच्या मनांत शंका येते. आकाशांतून अन्न मिळतें आणि सातव्या दिवशीं, शब्बाथास, कोणी कामास हात लावूं नये, असें सांगणारी ही कथा आळसाचा पुरस्कार तर करीत नाहीं ना?

आमच्या मतें ही शंका वरवरच्या वाचनानें उद्भवते. मिसर देशाच्या दास्यांतून सुटलेले इस्राएल लोक रानांत भुकेनें कुरकुरूं लागले, तेव्हां त्यांस मान्ना मिळाला खरा. पण तो आयता मुखांत पडत नसे. ऊन चढून तो वितळण्यापूर्वीं रोज सकाळीं वेंचावा लागे. येथें निषेध आहे तो श्रमाचा नव्हे, अविश्वासानें केलेल्या सांठ्याचा. उद्यांच्या धास्तीनें राखून ठेवलेल्या मान्न्यांत किडे पडले; सहाव्या दिवशीं दुप्पट वेंचलेला मात्र सातव्या दिवशीं नासला नाहीं. लोभाचा सांठा आणि विसांव्याची शिदोरी यांतील भेद कथाकारानें अन्नाच्या नासण्या-टिकण्यानेंच दाखविला, यांत त्याचें कौशल्य आहे.

याहून महत्त्वाचा आहे तो प्रसंगांचा क्रम. सीनाय पर्वतावरील दहा आज्ञा येतात विसाव्या अध्यायांत. दुप्पट अन्न मिळतें तें सोळाव्यांत. आधीं भाकरी, मग आज्ञा! पुढें ‘अनुवाद’ या ग्रंथांत तीच आज्ञा पुन्हां येते, तेव्हां दास, दासी, बैल व गाढव यांसही विसांवा सांगितला असून, ऐकणाऱ्यास त्याच्या स्वतःच्या दास्याचें स्मरण करून दिलें आहे.

या क्रमाचें मर्म जालन्याजवळ ओळखलें गेलें, असें आम्हांस वाटतें. १८४३ सालीं मुंबईस ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं पुढें निजामाच्या राज्यांत, जालन्यानजीक, बेथेल हें गांव वसविलें. त्यासाठीं सर सालारजंग यांच्या कारकीर्दींत सरकाराकडून जमीन मिळविली. नव्या धर्मांत आलेल्या गरिबांस रविवार पाळण्याचा उपदेश करणें सोपें. त्यांच्या पायांखालीं जमीन हवी, हें जाणणें अवघड.

कोंकणांतील बेने-इस्राएल लोकांची गोष्ट निराळी. तेल गाळणें हा त्यांचा धंदा. शनिवारीं त्यांचा घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. शुक्रवारीं दुप्पट तेल त्यांस कोणीं दिलें नाहीं; तरी त्यांनीं तो दिवस पिढ्यान्‌पिढ्या पाळला. मान्न्यावांचून मान्न्यावरचा विश्वास तो हाच.

परंतु अशा निष्ठेची अपेक्षा सर्वांकडून करतां येत नाहीं, आणि येथेंच कथेची मर्यादा दिसते. रानांत दुप्पट वांटा ईश्वरानें दिला. गांवांत तो कोणीं द्यावा, हें ती सांगत नाहीं. हातावर पोट असलेल्यास एका दिवसाचा विसांवा म्हणजे एका दिवसाचा उपास. त्यास ईश्वरावर भरंवसा ठेवण्यास सांगणाऱ्यानें आधीं त्याच्या सहा दिवसांच्या मजुरीकडे पाहावें. पोळ्यास आपण बैलाच्या मानेवरचें जूं उतरवितों, आणि त्याच्यापुढें पुरणपोळीही ठेवतों. कोरडी विश्रांति आपण बैलासही देत नाहीं.