गडबड

कोल्हापूरहून पुण्याला बदली होऊन आलो, तेव्हा सामानात दोन ट्रंका, एक वळकटी आणि ‘गडबड’ हा शब्द होता. ट्रंका आणि वळकटी सुखरूप पोचल्या.

हजर होऊन चारच दिवस झाले होते. पहिली तारीख. काउंटरवर ही रांग! संध्याकाळी साहेबांनी उशिराचं कारण विचारलं. मी सरळ मनानं सांगितलं, “साहेब, आज कॅशमध्ये लई गडबड झाली.”

साहेबांनी उठून केबिनचं दार लावलं आणि खालच्या आवाजात विचारलं, “किती?”

“लई, साहेब. दोन वाजेपर्यंत पाणी प्यायला फुरसत नव्हती.”

रात्री साडेआठपर्यंत तिघांनी मिळून नोटा मोजल्या. रोकड पैशाला पैसा जुळली, त्यामुळे तर संशय अधिकच बळावला. “मग गडबड आहे कुठे?” साहेब घाम पुसत म्हणाले.

“आता कुठली, साहेब? दारं बंद झाल्यावरच संपली की!”

आता यात माझं काय चुकलं? कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे गडबड म्हणजे घाई. पलीकडे कानडीतही ‘गडिबिडी’ म्हणजे घाईच. उडुपी-मंगळूरकडे तर गडबड नावाचं आइस्क्रीम मिळतं. गिऱ्हाइकाला घाई, हवं ते पुरेसं नाही, म्हणून होतं ते सगळं एका ग्लासात घालून दिलं, अशी त्याची जन्मकथा सांगतात. शाळेत गुरुजी ‘गडबड करू नका’ म्हणत, तेव्हा गडबड म्हणजे आवाज. तेही चालेल. पण शहरात हिशेबात गडबड, पोटात गडबड, निवडणुकीत गडबड! एवढ्या सालस शब्दाला यांनी सरळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं.

बरं, ‘घाई’ म्हणा म्हणावं, तर त्यात ती गोष्ट नाही. (शिवाय ‘घाईची लागली’ म्हणून त्या शब्दाचं जे व्हायचं ते झालेलंच आहे.) पुणेकराला घाई असते. ती त्याची खासगी मालमत्ता. ‘मला घाई आहे’ याचा अर्थ, तुम्ही वाटेतून बाजूला व्हा. कोल्हापूरकर गडबडीत असतो. माणूस पावसात सापडावा तसा. त्यात त्याचा दोष नाही, तुमचा तर नाहीच नाही. ‘जरा गडबडीत हाय’ असं म्हणून तो सायकलवरून उतरतो आणि अर्धा तास बोलतो. घाईवाल्या माणसानं मला अजून चहा पाजलेला नाही. गडबडीतल्यांनी पुष्कळदा पाजला आहे.

साहेब पुढं दोन वर्षं माझ्या टेबलाशी आले, की ड्रॉवरकडे बघत. मीही शहाणा झालो. ‘वर्कलोड’ म्हणायला लागलो. त्याचा अर्थ विचारायला कोणीच दार लावून घेत नाही.

हा शब्द मग मी फक्त गावाकडे फोन करताना वापरत असे. तिथं तरी तो आपल्या घरी असतो. परवा कोल्हापूरला पुतण्याला फोन लावला. पलीकडे माणसांचा आवाज येत होता, म्हणून आपलं विचारलं, “काय रे, गडबड आहे काय?”

क्षणभर काही ऐकू येईना. मग दबक्या आवाजात, “नाही काका, सगळं ओके आहे. का? तुम्हाला कोण काय बोललं?”